थंडरबर्ड आपोआप चालू व्हावं, पण तोंडावर येऊ नये

प्रश्न : नमस्कार. मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. ऑफिसात आधी विंडोजचं स्वतःचं मेल ॲप होतं, ते बंद झालं म्हणून एका दुकानातून थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकून घेतला. टाकून देणाऱ्या मुलाने ते कॉम्प्युटर लावला की आपोआप उघडेल असं करून दिलंय. पण होतं काय की मी सकाळी आले की पहिलं लेजर उघडते, एंट्री टाइप करायला लागते आणि बरोब्बर मध्येच मेलची भलीमोठी विंडो समोर येऊन बसते. आणि दीडेक महिन्यापासनं मेल गायब होतायत हो. एका पार्टीला मी ठामपणे सांगितलं की तुमचं इनव्हॉइस आलंच नाही, त्यांनी मग पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, तारीख वेळ सगळं बरोबर. मला काय बोलावं कळेना. मालक म्हणतात ते आपोआप उघडणं काढूनच टाका, पण काढलं की मी उघडायची विसरते आणि दुपारी दोनला कळतं की पेमेंटचा मेल सकाळीच आलाय. हा व्हायरस आहे का? आणि मेल मागे गुपचूप चालू राहील पण समोर येणार नाही असं काही करता येतं का?

उत्तर : ताई, व्हायरस नाही आणि चूक तुमचीही नाही. आणि तुमचे मेल बहुतेक सगळे जागेवर आहेत, आधी ते शोधू मग बाकीचं.

थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूला फोल्डरची यादी असते, त्यात आर्काइव्ह्ज (म्हणजे बाजूला काढून ठेवलेले मेल) नावाचं फोल्डर बघा, त्याच्या पोटात वर्षाच्या नावाची फोल्डर्स असतील, २०२५ वगैरे. ते इनव्हॉइस तिथे सापडण्याची दाट शक्यता आहे. खातं जीमेलचं असेल तर ऑल मेल नावाच्या फोल्डरमध्ये बघा. आणि एकदा जंकमध्येही डोकावा.

आता हे तिथे गेलं कसं, तर थंडरबर्डमध्ये कीबोर्डची एकेक अक्षरं म्हणजे हुकूम असतात. मेलच्या यादीवर असताना नुसतं ए दाबलं की निवडलेला मेल आर्काइव्हमध्ये जातो, जे दाबलं की त्याला जंकचा शिक्का बसतो, एम दाबलं की वाचलेला मेल न वाचलेला होतो आणि न वाचलेला वाचलेला, एस दाबलं की स्टार लागतो. ना कंट्रोल लागतो ना शिफ्ट, आणि ‘नक्की का?’ असंही कोणी विचारत नाही. तुम्ही लेजरमध्ये टाइप करताय, नजर समोरच्या बिलावर आहे, तेवढ्यात थंडरबर्डची विंडो वर आली की पुढची सगळी अक्षरं तिच्या पोटात जातात. समजा तुम्ही पत्त्यात इंग्रजीत महाराष्ट्र टाइप करत होतात, त्या एका शब्दात ए चार वेळा येतो. म्हणजे तुम्ही मान वर करेपर्यंत इनबॉक्समधले चार मेल आर्काइव्हमध्ये जाऊन बसलेले असू शकतात. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेड दाबून परत आणता येतात, पण दीड महिन्यांनी ते शोधतच बसावं लागतं.

म्हणून मला तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. लोकांना वाटतं विंडो समोर आली तर काय झालं, एक क्लिक करून खाली ढकलायची. पण आपण टाइप करत असताना जी विंडो मध्ये येते ती आपल्या हातातला कीबोर्ड काढून घेते, आणि ऑफिसात त्याचा हिशोब पार्टीसमोर द्यावा लागतो. त्यामुळे मालकांना सांगा की आपोआप चालू होणं राहू द्या, फक्त ते गुपचूप करून घेऊया.

आता कसं करायचं ते. आधी जुनी व्यवस्था काढा, नाहीतर एकच प्रोग्राम दोन ठिकाणाहून चालू होईल आणि त्यातला एक समोर येईलच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपचा भाग आहे (विंडोज ११ मध्ये स्टार्टअप ॲप्स म्हणतात). तिथे थंडरबर्ड दिसलं तर राइट क्लिक करून डिसेबल करा. मग विंडोजचं बटण धरून आर दाबा, एक छोटी चौकट येते, तिच्यात इंग्रजीत शेल, मग कोलनची दोन टिंबं, मग स्टार्टअप असं मध्ये स्पेस न देता टाइप करून एंटर मारा. एक फोल्डर उघडेल. या फोल्डरमध्ये जे ठेवाल ते लॉगिन केल्यावर विंडोज आपण होऊन चालू करतं, विंडोज ७ च्या काळात हेच फोल्डर स्टार्ट मेनूमध्ये समोरच दिसायचं. त्या दुकानातल्या मुलाने बहुतेक यातच थंडरबर्डचा शॉर्टकट टाकलेला असेल, तो असला तर पुसून टाका. शॉर्टकट पुसल्याने प्रोग्राम जात नाही, घाबरू नका.

आता नवा शॉर्टकट. स्टार्ट मेनूत थंडरबर्ड शोधा, राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन म्हणा, जो शॉर्टकट दिसेल तो कॉपी करून मघाच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये पेस्ट करा. कॉपी करा, उचलून नेऊ नका, मूळचा जागेवर राहू दे. पेस्ट केलेल्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकट नावाचा टॅब, आणि त्यात खालच्या बाजूला रन नावाचा रकाना आहे. त्यात नॉर्मल विंडो असं असतं, ते बदलून मिनिमाइज्ड करा आणि ओके. बस. हा रकाना कित्येक वर्षांपासून तिथेच आहे आणि रोज कॉम्प्युटर वापरणाऱ्या माणसांनीही तो कधी उघडून बघितलेला नसतो. असा मिनिमाइज्ड केलेला शॉर्टकट प्रोग्रामला सांगतो की तू खाली बसूनच चालू हो, पुढे येऊ नकोस, म्हणजे तुमचा कर्सर लेजरमध्येच राहतो. इथे फाइल लोकेशनचा पर्यायच दिसला नाही किंवा रन रकानाच मिळाला नाही तर समजा की प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून टाकलेला आहे, त्या प्रकारच्या प्रोग्रामला ही सोय नसते. तेव्हा थंडरबर्डच्या स्वतःच्या साइटवरनं साधी आवृत्ती घेऊन टाकावी लागेल, आणि ते करायच्या आधी खात्याचा बॅकअप जाणत्या माणसाकडून घ्या, विशेषतः मेल पॉप पद्धतीने उतरत असतील तर, कारण पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून निघून फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर राहिलेले असू शकतात.

दुसरी गोष्ट थंडरबर्डच्या आत. सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये सिस्टीम इंटिग्रेशन म्हणून भाग आहे, त्यात मिनिमाइज केल्यावर ट्रेमध्ये जा अशा अर्थाची ओळ आहे तिला टिक करा. ट्रे म्हणजे घड्याळाशेजारची जागा. मग खालच्या पट्टीवरही गर्दी राहत नाही. काही मशीनवर पहिल्यांदा चालू झाल्यावर आयकॉन ट्रेमध्ये न जाता पट्टीवरच दिसतो, दिसू द्या, विंडो तोंडावर आली नाही म्हणजे आपलं काम झालं. आयकॉन कुठेच दिसत नसेल तर घड्याळाजवळचा वर तोंड केलेला छोटा बाण दाबा, विंडोज नव्या आयकॉनना त्यात कोंबून ठेवतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार असं जाऊन तो कायम बाहेर ठेवता येतो. आणि सवय एक लावून घ्या, काम झाल्यावर विंडो वजाच्या चिन्हाने खाली पाठवायची, फुलीने नाही. फुली मारली की प्रोग्राम बंद, मग पुन्हा दुपारी दोन.

एवढं करूनही पहिल्या दिवशी काहीतरी समोर येऊ शकतं. तो दोष शॉर्टकटचा नसतो, थंडरबर्ड चालू होताना काही प्रश्न विचारतं त्यांच्या त्या चौकटी असतात. मीच तुमचा मुख्य मेल प्रोग्राम आहे ना, हे ते दर वेळी तपासतं, ती टिक सिस्टीम इंटिग्रेशनमध्येच आहे, काढून टाका. फोल्डर कॉम्पॅक्ट करू का (म्हणजे पुसलेल्या मेलची जागा मोकळी करू का) असं विचारतं, तेही डिस्क स्पेसच्या सेटिंगमध्ये न विचारता करायला सांगता येतं. एकाच कॉम्प्युटरवर थंडरबर्डची दोन प्रोफाइल (म्हणजे खाती आणि सेटिंग्जचे दोन वेगळे संच) असतील तर कुठली उघडू असं विचारतं, तिथे पुढच्या वेळी न विचारता हीच वापर अशी टिक असते. आणि प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं कुलूप) लावलेला असेल तर तो मागणारच, तो काढा असं मी म्हणणार नाही. ऑफिसात चार माणसं त्याच टेबलावर बसतात, पासवर्ड राहू दे, सकाळी एकदा टाइप करा.

आवाजाचंही बघून घ्या. इनकमिंग मेल्सच्या सेटिंगमध्ये आवाज आणि कोपऱ्यातली चौकट हे दोन वेगळे पर्याय आहेत. आवाज बंद, चौकट चालू, असं ठेवलंत तर पेमेंटचा मेल आल्याचं कळेल आणि त्रास होणार नाही. चौकटीत मजकूर किती दाखवायचा तेही ठरवता येतं, समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं तेव्हा कुणाचं किती बिल आलंय ते त्याला दिसायला नको, म्हणून फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय ठेवा.

प्रश्न : वरच्यासारखंच मी माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर करून बघितलं होतं (कराडजवळ), विंडो येत नाही पण रोज सकाळी ‘सर्व्हरशी जोडता आलं नाही’ अशी चौकट मात्र येते. ती बंद केली की मग सगळं नीट चालतं. आमच्याकडे मेन स्विच एकच आहे, सकाळी आलो की तो लावतो, सगळं एकदम चालू होतं.

उत्तर : डॉक्टर, तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. मेन स्विच लावला की कॉम्प्युटर आणि राउटर एकदमच उठतात, पण हल्लीचे एसएसडीवाले (वेगवान डिस्कचे) कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतात आणि राउटरला लाइन पकडायला दोन मिनिटं लागतात. लाइट जाऊन आल्यावर घरोघरी हेच होतं. थंडरबर्ड बिचारं उठून मेल आणायला निघतं आणि बाहेर रस्ताच नसतो.

उपाय म्हणजे त्याला थोडं उशिरा उठवायचं. नोटपॅडमध्ये दोन ओळींची फाइल करा, सगळं इंग्रजीत. पहिल्या ओळीत टाइमआउट, स्पेस, स्लॅश टी, स्पेस, १२०. दुसऱ्या ओळीत स्टार्ट, स्पेस, दुहेरी अवतरणचिन्ह लागोपाठ दोनदा (मध्ये काहीच नाही), स्पेस, स्लॅश मिन, स्पेस, आणि मग थंडरबर्डच्या फाइलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात. तो पत्ता शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट रकान्यात लिहिलेला असतो, तिथून उचला. फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट बॅट द्या आणि खालच्या रकान्यात ऑल फाइल्स निवडा, नाहीतर नोटपॅड मागे स्वतःचं डॉट टीएक्सटी जोडतं आणि मग काहीच चालत नाही, या एका जागी बरेच लोक अडकतात. मग या फाइलचा शॉर्टकट करून तो स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा, त्याचाही रन रकाना मिनिमाइज्ड, आणि थंडरबर्डचा आधीचा शॉर्टकट तिथून काढा. दोन मिनिटं खालच्या पट्टीवर एक काळा आयकॉन बसून राहील, मग तो जाईल आणि थंडरबर्ड येईल. त्या दोन मिनिटांत काळी चौकट उघडून कुठली की दाबलीत तर थांबणं तिथेच संपतं, म्हणून तिला हात लावू नका.

टास्क शेड्युलरनेही हे होतं, त्यात लॉगिननंतर किती वेळाने चालू करायचं ते निवडायची सोयच आहे, पण मिनिमाइज्डचा पर्याय त्यात नाही, मग पुन्हा हीच फाइल त्याला द्यावी लागते. मला दोन ओळींची फाइल बरी वाटते, उद्या दुसऱ्या कुणी उघडून बघितली तरी त्याला कळतं काय चाललंय.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, बाबा, स्टार्टअपमध्ये काहीही ठेवू नका, कॉम्प्युटर स्लो होतो. माझ्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. मी रोज रात्री झाकण लावतो, सकाळी उघडतो. मी निवृत्त शिक्षक, मेल दिवसातून तीनचार येतात. साताऱ्याहून.

उत्तर : सर, तुमच्या बाबतीत मुलाचं बरोबर आहे, आणि तुम्हाला मुळात याची गरजच नाही. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. सकाळी उघडलात की थंडरबर्ड काल जसं होतं तसंच तिथे असतं. स्टार्टअप फोल्डर फक्त नव्याने लॉगिन केल्यावर कामाला येतं. म्हणजे कालच वजाच्या चिन्हाने खाली ठेवलंत तर आज ते खालीच असेल.

तरी मुलाला एक सांगा की सरसकट सगळं काढू नको. टास्क मॅनेजरच्या त्याच स्टार्टअपच्या यादीत प्रत्येक नावापुढे हाय, मीडियम, लो असा भार लिहिलेला असतो. प्रिंटरचे मदतनीस, गेमचे प्रोग्राम, कधीच न लागणारे अपडेटर, हे आधी काढायचे. ज्या प्रोग्रामवर आपला रोजचा व्यवहार आहे तो शेवटी. आणि अँटिव्हायरसला हात लावायचा नाही.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून मी नागपूरला माझ्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकली. थंडरबर्ड त्यात आधीपासूनच होतं ते बरं झालं. पण इथे शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज, रन वगैरे काही नाही. ट्रेमध्ये कसं लपवू?

उत्तर : बरोबर, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून मिंटवर आलेल्यांची पत्रं बरीच येतायत. भंगारात न काढता तुम्ही मशीन चालू ठेवलंत याचा मला मनापासून आनंद आहे.

मिंटमध्ये स्टार्टअप ॲप्लिकेशन्स नावाचा प्रोग्राम आहे, मेनूत शोधा. त्यात अधिकचं चिन्ह दाबून हवा तो प्रोग्राम घालता येतो आणि किती सेकंदांनी चालू करायचा तेही तिथेच लिहिता येतं, म्हणजे वरच्या डॉक्टरांना जी फाइल करावी लागली ती तुम्हाला नको. पण थंडरबर्ड तिथे थेट घालू नका, घातलंत तर विंडोसकट उघडेल. त्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बर्डट्रे नावाचा छोटा प्रोग्राम घ्या आणि स्टार्टअपमध्ये तो घाला. तो घड्याळाजवळ बसतो, स्वतः थंडरबर्ड चालू करतो, त्याची विंडो लपवतो आणि न वाचलेले मेल किती आहेत तो आकडा आयकॉनवर दाखवतो. त्याच्या सेटिंगमध्ये तीन टिका बघा, बर्डट्रे चालू होताना थंडरबर्ड चालू कर, चालू होताना विंडो लपव, आणि मिनिमाइज केल्यावर लपव. कुठल्या खात्याचं कुठलं फोल्डर मोजायचं ते मॉनिटरिंगमध्ये सांगावं लागतं, ते सांगेपर्यंत आकडा येत नाही.

एक अडचण येऊ शकते. बर्डट्रे थंडरबर्डची विंडो तिच्या मथळ्यावरून ओळखतो. ती त्याला सापडली नाही तर लपवणार काय? तसं झालं तर सेटिंगमध्ये विंडोच्या मथळ्याचा रकाना आहे, तुमच्या विंडोच्या वरच्या पट्टीत शेवटी जे लिहून येतं तेच त्यात हुबेहूब टाका. आणि लॉगिन करताना वेलँडचं (पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचं) सेशन निवडू नका, त्यात एका प्रोग्रामला दुसऱ्याची विंडो लपवू देत नाहीत. सिनॅमन डेस्कटॉपवालं साधं मिंट घेतलं असेल तर ते जुन्या एक्स ११ व्यवस्थेवरच चालू होतं, काही करायला नको.

प्रश्न : मॅकवर आणि आउटलुकवर काय करायचं, एका ओळीत सांगा.

उत्तर : एका ओळीत बसत नाही पण थोडक्यात सांगतो. मॅकवर डॉकमधल्या आयकॉनवर राइट क्लिक करून ऑप्शन्समध्ये ओपन ॲट लॉगिन म्हणा, चालू आपोआप होईल, विंडो दिसली तर कमांड एच दाबलं की लपते. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकला इचलकरंजीच्या ताईंना सांगितलेलाच मिनिमाइज्ड शॉर्टकट चालतो, फक्त ट्रेमधल्या आयकॉनवर राइट क्लिक करून हाइड व्हेन मिनिमाइज्डवर टिक करा. नवीन आउटलुक, जे विंडोजच्या मेल ॲपच्या जागी आलं, ते स्टोअरच्या प्रकारचं आहे, त्याच्या शॉर्टकटला रन रकाना मिळत नाही.

ताजा कलम, इचलकरंजीच्या ताईंसाठी. आर्काइव्हमध्ये सापडलेले मेल इनबॉक्समध्ये परत आणताना एकेक ओढत बसू नका, पहिल्यावर क्लिक करून शिफ्ट धरून शेवटच्यावर क्लिक करा, म्हणजे मधले सगळे निवडले जातील, मग राइट क्लिक करून मूव्ह टू, आणि तुमच्या खात्याचं इनबॉक्स. तारखेप्रमाणे ते आपल्या जागी जाऊन बसतील. त्या दीड महिन्यात पार्टीने पाठवलेलं पण तुम्ही ‘आलं नाही’ म्हणालात असं अजून काही आहे का, ते तेव्हाच बघून घ्या.